उंचीची फळी: एक घरात, एक विहारात

चौदा एप्रिल जवळ आला की सोलापुरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये घरं रंगायला लागतात. भिंतीवर निळ्या रंगाचा नाहीतर चुन्याचा हात फिरतो आणि दाराशेजारी पेन्सिलीनं मारलेल्या रेघा त्याखाली जातात. पोरगं मागच्या जयंतीला केवढं होतं, ती रेघ या जयंतीला शोधून सापडत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची तर भिंतच बदलते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही औषधाबद्दल लिहीत नाही, सुताराकडून करून घ्यायच्या एका वस्तूबद्दल लिहितो. पाच फूट लाकडी फळी, तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा आणि दर तीन महिन्यांनी लेकराच्या उंचीची एक रेघ. खोली बदलली तर फळी सोबत न्यायची.

दुकानात जिराफाचं नाहीतर कार्टूनचं चित्र असलेले उंचीचे कागद मिळतात. चित्र छान असतं, पण कागद जमिनीपासून नेमका किती वर चिकटवायचा हे कोणी बघत नाही. चार बोटं वर गेला की लेकरू कागदावर चार बोटं बुटकं होतं. भिंतीला ओल आली की कागद सुरकुततो. लाकडाचं तसं नाही. लाकूड ओल्या-कोरड्या हवेत फुगतं आणि आकसतं ते मुख्यतः रुंदीत. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेनं, ते जवळजवळ हलत नाही. त्यामुळे उभ्या फळीवरच्या खुणा वर्षानुवर्षे जागेवर राहतात.

वजन बरं, तरी लेकरू मागे

अंगणवाडीत लेकराचं वजन होतं, आई विचारते, ताई सांगतात, "वजन बरं आहे." आई निर्धास्त होते. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सॅम आणि मॅम हे शब्द वस्तीतल्या बहुतेक आयांच्या कानावर आले आहेत. तीव्र कुपोषित आणि मध्यम कुपोषित, असा त्यांचा अर्थ. हे ठरवताना बघतात ते उंचीच्या मानानं वजन. आता एखादं चार वर्षांचं लेकरू अडीच वर्षांच्या लेकराएवढंच उंच असेल आणि त्याचं वजनही अडीच वर्षांच्या लेकराएवढं असेल, तर उंचीच्या मानानं वजन बरोबर बसतं. लेकरू सॅममध्ये येत नाही, मॅममध्येही येत नाही. दिसायलाही ठीकठाक दिसतं, फक्त लहान दिसतं. त्याची दीड वर्षाची वाढ कुठे गेली, हे वजनकाटा सांगत नाही. ते उंचीच सांगते.

वजन आठवड्यात खाली-वर होतं. जुलाब लागले की उतरतं, बरं वाटलं की चढतं. उंची उतरत नाही. ती वाढते किंवा थांबते, आणि थांबली तर त्यामागचं कारण दोन-चार दिवसांचं नसतं. आई गरोदर असताना तिच्या ताटात काय होतं, सहा महिन्यांनंतर लेकराला वरचं अन्न वेळेवर सुरू झालं का, पावसाळ्यात किती वेळा जुलाब लागले, पाणी कसलं प्यायलं, या सगळ्याचा हिशेब उंचीत लिहिलेला असतो. वयाच्या मानानं उंची फारच कमी असेल तर त्याला खुजेपणा म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी आढळली. देशाचा आकडाही तेवढाच आहे. पण देशाचा आकडा जातीनं वेगळा केला की अनुसूचित जातींच्या मुलांत तो ३९ टक्क्यांच्या आसपास जातो आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग सोडून उरलेल्यांत ३० च्या आसपास राहतो.

आणि सगळं नीट मिळालेल्या, निरोगी मुलांत हा आकडा किती असतो? शंभरात दोन-तीन. काही मुलं मुळातच बुटकी असतात, तेवढीच.

"आमच्या घराण्यातच सगळे बुटके"

हे वाक्य आम्ही वस्तीत इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. आज्जी म्हणतात, बाप बुटका, चुलता बुटका, मग पोरगं कुठून उंच होणार? ऐकायला खरं वाटतं. आई-बापाच्या उंचीचा लेकराच्या उंचीशी संबंध असतोच. पण बाप बुटका का राहिला, हा प्रश्न आपण विचारत नाही. त्याचं बालपण दुष्काळात गेलं असेल, त्याची आई बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत खडी फोडत असेल. तेही त्याच्या उंचीत लिहिलेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली साडेआठ हजारांच्या आसपास मुलं मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. निवडताना एकच बघितलं होतं की या मुलांना आईचं दूध, पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि औषधपाणी मिळतं आहे. मोजल्यावर दिसलं की पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची मुलं जवळजवळ सारखीच वाढतात. मुलांच्या लांबीत जो एकूण फरक दिसला त्यातला फक्त ३ टक्के वाटा देशादेशांतल्या फरकाचा होता. बाकीचा बहुतेक फरक एकाच ठिकाणच्या मुलामुलांतला. त्या मोजणीवरून २००६ साली जे तक्ते तयार झाले, तेच आज आपल्या अंगणवाडीत वापरतात.

कोणी म्हणेल, दिल्लीच्या बंगल्यातल्या पोरांचं आम्हाला काय सांगता, त्यांचं रक्त वेगळं. त्यांनी दक्षिण कोरियाकडे बघावं. तिथे १८९६ साली जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या स्त्रिया सरासरी २० सेंटीमीटरनं उंच आहेत. शंभर वर्षांत रक्त बदलत नाही. अन्न, पाणी, दवाखाने बदलले.

माणसांना मोजून त्यांची उतरंड लावायचा उद्योग आपल्या देशात झालेला आहे. रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी नाकाची मापं घेऊन कोण आर्य आणि कोण अनार्य, कोण वरचा आणि कोण खालचा, असं ठरवत होता. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मापांचेच आकडे घेतले आणि दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत असं ही मापं म्हणत नाहीत. मापाला त्यांनी नाकारलं नाही. माप नीट वाचलं. आपल्याही हातात टेप आहे, आणि लेकरू बुटकं राहिलं तर ते जातीनं किंवा घराण्यानं नव्हे, हे आपल्याला आकड्यानं सांगता येतं.

एक राहिलं. "मोजलं की नजर लागते", "झोपलेल्या लेकराला ओलांडलं की वाढ खुंटते" हे अजूनही काही घरांत चालतं. बावीस प्रतिज्ञा म्हटलेल्या घरात तरी हे चालू नये. वाढ खुंटते ती भुकेनं आणि आजारानं.

फळी करून घ्यायची ती अशी

फळी पाच फूट लांब, सहा इंच रुंद आणि पाऊण इंच जाड असावी. पाच फूट म्हणजे १५२ सेंटीमीटर, लेकरू सातवीत जाईपर्यंत पुरते. सागवान उत्तम, पण महाग. आपल्याकडे कडुनिंब मिळतो, तोही चालतो, फक्त लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या लाकडाची फळी दोन महिन्यांत पिळते आणि मग तिच्याशी टाच टेकली तर पाठ टेकत नाही. वखारीत विचारताना फळी एका टोकाकडून डोळा लावून बघा, वाक लगेच दिसतो. स्वस्तात करायचं असेल तर पाऊण इंची प्लायवुडचा उरलेला तुकडा कापून घ्या. तो वाकत नाही. जुन्या पलंगाची किंवा कपाटाची सरळ फळी असेल तर फुकटात काम होतं. काहीही केलं तरी जयंतीच्या एका मोठ्या बॅनरपेक्षा खर्च कमीच येतो, हे आम्ही मुद्दाम लिहितो.

सुताराला सांगा की खालचं टोक गुण्या लावून काटकोनात कापा. तेच शून्य. खुणा मारताना शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती ताणली जाते. स्टीलची टेप घ्या, तिचं टोक फळीच्या खालच्या कडेला लावा आणि एकदाच पूर्ण ताणून खुणा करा. तीस-तीस सेंटीमीटरची शाळेची पट्टी सरकवत गेलात तर प्रत्येक वेळी थोडी थोडी चूक जमा होते. दर सेंटीमीटरला छोटी रेघ, पाचला मोठी, दहाला पूर्ण रुंदीची आणि तिच्याशेजारी आकडा. चाळीसच्या खालच्या खुणा केल्या नाहीत तरी चालेल. आधी सुतारी पेन्सिल, मग त्यावरून टोकदार खिळ्यानं हलकी चर. चरीत शाई भरली की पुसली जात नाही.

रंगाबद्दल सावध राहा. लेकरं लाकडाला तोंड लावतात, कडा चावतात. तेलरंगांच्या जुन्या डब्यांत शिसं असू शकतं आणि शिसं लेकरांच्या मेंदूला घातक असतं. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. घरात पडून राहिलेला त्याआधीचा डबा या कामाला उघडू नका. काचपेपरनं कडा गुळगुळीत करून चपड्याचं पॉलिश मारलं तरी पुरे. निळी फळीच हवी असेल तर नवा, शिसं नसल्याचं डब्यावर लिहिलेला रंग घ्या.

याच सुताराकडून एक काटकोनी ठोकळाही करून घ्या. दोन छोट्या फळ्या एल आकारात जोडल्या की झाला. एक बाजू मोठ्या फळीला टेकते, दुसरी लेकराच्या डोक्यावर बसते. बरेच जण हाताचा पंजा डोक्यावर आडवा धरतात, तो नेहमी तिरका होतो आणि सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा फरक पडतो. ठोकळा नसेल तर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक चालतं. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडाचा काटकोन उत्तम असतो, पण ठोकळा करून घ्या आणि खंड वाचायला ठेवा.

लावताना फळी जमिनीवर टेकली पाहिजे आणि ओळंब्यात पाहिजे. आपल्याकडच्या शहाबादी फरशा बऱ्याचदा उखणलेल्या असतात, सपाट फरशी शोधा. पक्की भिंत असेल तर दोन स्क्रू मारा. पत्र्याचं घर असेल तर पत्र्याला काही मारू नका, दाराच्या लाकडी चौकटीला फळी स्क्रूनं पक्की करा. तेही जमत नसेल तर मोजायच्या वेळी फळी सरळ उभी करून मागून एकानं धरायची. नवीन फळी लावल्यावर एकदा स्टीलच्या टेपनं जमिनीपासून शंभरच्या खुणेपर्यंत मोजून बघा.

मोजायचं कसं

दोन वर्षांखालच्या लेकराला उभं करून मोजत नाहीत, झोपवून मोजतात. त्याला वेगळं साधन लागतं आणि ते अंगणवाडीत असतं. ताईंकडून आकडा घ्या आणि तो घरच्या फळीवर लिहा. जन्मावेळची लांबी बाळंतपणाच्या कागदावर असते, तीही चढवा. दुसऱ्या वाढदिवसापासून घरची फळी सुरू.

मोजायला दोन माणसं लागतात. चप्पल-बूट काढा. वेणी, आंबाडा, क्लिप, डोक्यावरची टोपी, सगळं सोडा. टाचा, पोटऱ्या, ढुंगण, पाठ आणि डोक्याचा मागचा भाग फळीला टेकवा. दुसऱ्या माणसानं खाली बसून गुडघे आणि टाचा हलकेच धराव्यात, कारण उंच दिसायचं म्हणून लेकरं चवड्यावर उभी राहतात. नजर समोर. कानाचं छिद्र आणि डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे. हनुवटी वर गेली की माप चुकतं. ठोकळा केस दाबून डोक्यावर बसवा आणि आकडा आपले डोळे त्या उंचीला नेऊन वाचा, वरून वाकून नाही. लेकराला बाजूला करा आणि परत एकदा मोजा. दोन मापांत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा किंचित उंच असतो, म्हणून वेळ नेहमी एकच ठेवा.

दर महिन्याला मोजण्यात अर्थ नाही, वाढ दिसत नाही आणि जीव उगाच टांगणीला लागतो. तीन महिन्यांचं अंतर बरोबर. आपल्या घरांत पौर्णिमेला वंदना होतेच. वैशाखी, श्रावणी, कार्तिकी आणि माघी, या चार पौर्णिमा तीन-तीन महिन्यांवर येतात. वंदना झाली की रेघ मारायची. रेघेशेजारी तारीख लिहा, नुसतं वय नको.

हिरवी आणि लाल खूण

फळी नुसती सजावट राहू नये म्हणून कडेला दोन रंगांच्या खुणा करून ठेवा. डावी कड मुलींसाठी, उजवी मुलांसाठी. हिरवी खूण म्हणजे निरोगी मुलांची मधली उंची, निम्मी मुलं तिच्या वर असतात आणि निम्मी खाली. लाल खुणेच्या खाली गेलं तर खुजेपणा. आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातले, सेंटीमीटरमध्ये.

मुलगी: २ वर्षं पूर्ण, हिरवी ८५.७, लाल ७९.३. ३ वर्षं, हिरवी ९५.१, लाल ८७.४. ४ वर्षं, हिरवी १०२.७, लाल ९४.१. ५ वर्षं, हिरवी १०९.४, लाल ९९.९.

मुलगा: २ वर्षं पूर्ण, हिरवी ८७.१, लाल ८१.०. ३ वर्षं, हिरवी ९६.१, लाल ८८.७. ४ वर्षं, हिरवी १०३.३, लाल ९४.९. ५ वर्षं, हिरवी ११०.०, लाल १००.७.

मुलगा आणि मुलगी यांच्या आकड्यांतला फरक बघा. पाचव्या वर्षी जेमतेम अर्धा सेंटीमीटर. "पोरगी आहे, बारीकच राहणार" असं म्हणून तिच्या ताटातलं कमी करायला या तक्त्यात कुठे आधार नाही.

या वयात तीन महिन्यांत साधारण दोन सेंटीमीटर वाढ व्हायला हवी. म्हणून एका रेघेपेक्षा दोन रेघांमधलं अंतर जास्त बोलतं. हिरव्या खुणेच्या खाली असलेलं लेकरू दर पौर्णिमेला नेमानं वर चाललं असेल तर काळजी नको. वर असलेल्याच्या दोन रेघा एकमेकींना चिकटल्या तर विचारायला हवं. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढ होते. पूर्ण वर्षात चार सेंटीमीटरही झाली नाही तर डॉक्टरांना दाखवा, कारण कधी कधी थायरॉईडसारखा आजारही मागे असतो आणि त्याला इलाज आहे.

लाल खुणेच्या खाली गेलेल्या लेकराला आधी अंगणवाडीताईंकडे आणि आशाताईंकडे न्या, फळीवरचे आकडे आणि तारखा कागदावर उतरवून न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका. दंडाचा घेर मोजायची पट्टी ताईंकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर मात्र पौर्णिमेची वाट न बघता त्याच दिवशी सिव्हिल गाठायचं.

ताट, पाणी आणि आई

खरं सांगायचं तर उंचीचं मोठं नुकसान गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत होतं आणि त्यातलं पुढे थोडंच भरून निघतं. म्हणून फळी मोठ्या भावंडासाठी केली तरी तिचा खरा उपयोग घरात येणाऱ्या पुढच्या बाळाला होतो. उंची वाढवायच्या पावडरी, गोळ्या, लटकायचे व्यायाम यांवर पैसे घालू नका. त्या पैशात किती अंडी येतात ते मोजा.

सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत वरचं अन्न सुरू करायचं आणि दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचं. वाटीत आमटीचं वरचं पाणी घालू नका, तळाची डाळ काढा. ज्वारीच्या भाकरीचा चुरा त्यात मऊ कालवा, वर चमचाभर तेल. आपल्या सोलापूरला शेंगदाणा घरोघरी असतो. तिखट चटणी लेकराला नको, पण भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट कालवणात घाला. अख्खा दाणा लहान लेकराच्या घशात अडकतो. अंडं रोज जमलं तर रोज. सुकट धुऊन, भाजून, कुटून. हुलग्याचं माडगं, पालेभाजी, मिळेल ते फळ. बैलाच्या मांसावर राज्यात २०१५ साली बंदी आली तेव्हा कष्टकऱ्याच्या ताटातलं स्वस्त मांस गेलं. त्या जागी डाळ आणि अंडं यायला हवं होतं. वस्तीत आम्हाला दिसतं ते चहात बुडवलेलं बिस्कीट आणि पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. चहानं तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

पाण्याचं दुखणं सोलापूरकरांना सांगायला नको. उजनी भरलं तरी नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पिंप भरून ठेवावं लागतं आणि त्यात तांब्या बुडतो, तांब्यासोबत हात बुडतो. पिंपाला झाकण आणि लांब दांड्याचं वगराळं एवढं तरी घरात हवं. प्यायचं पाणी लेकरासाठी उकळा. जुलाब लागले तर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या, त्या सलग १४ दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका. आजारात जेवण तोडू नका, बरं झाल्यावर काही दिवस एक जेवण जास्त द्या.

बाळाची उंची आईच्या विश्रांतीशी जोडलेली आहे, हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखलं होतं. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. पुढच्या वर्षी कायदा झाला. आज विडी वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या आपल्या बायांना ती सुट्टी कोण देतो? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपये सांगितले आहेत आणि मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० मिळतात. नोंदणी अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून होते. रक्कम अपुरी आहे, पण सोडू नका.

विहारातली फळी

प्रत्येक घरात फळी होईलच असं नाही. म्हणून एक मोठी, सहा फुटी फळी विहारात लावा. दोन उपासिकांनी मोजायचं शिकून घ्यावं. यासाठी शिक्षणाची मोठी अट नाही. करमाळ्याच्या पलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्याचं काम सुरू केलं, तेव्हा लेकरांची वाढ तपासायला त्यांनी गावातल्याच बाया तयार केल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या आणि कित्येक आपल्या समाजातल्या. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्या हाती गावानं आपली लेकरं मोजायला दिली.

विहारातल्या फळीवर नावं लिहायची नाहीत. घरची रेघ घरची असते, चार माणसांत ती लाजेची होते आणि आया लेकरं आणायच्या बंद होतात. नाव, जन्मतारीख, मोजल्याची तारीख आणि उंची एका वहीत लिहा आणि वही एकीच्याच ताब्यात ठेवा. जन्मतारीख कागद बघूनच लिहा. चार महिन्यांची चूक झाली तर लाल-हिरव्याचा सगळा हिशेब बदलतो.

वर्ष झालं की वहीतली लाल खुणेखालची लेकरं मोजा. शंभरात दोन-तीन निघाली तर ठीक. पंचवीस-तीस निघाली तर तो त्या आयांचा दोष नाही, तो गटारीचा, नळाचा आणि रोजगाराचा आकडा आहे. नावं वगळून तो कागद नगरसेवकाकडे, महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. वस्तीत अंगणवाडीच नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश लक्षात ठेवा. सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या झोपडपट्टीला अंगणवाडी मागायचा हक्क आहे आणि मागणीपासून तीन महिन्यांत ती द्यायला हवी, असं त्यात म्हटलं आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यायलाही सांगितलं आहे. चाळीस मुलं आहेत हे दाखवायला वही हाताशी असेलच.

ठोकळा सुतळीनं फळीलाच बांधून ठेवा, सुटा ठेवला तर चार दिवसांत चुलीत जातो. आणि धाकटं झालं की नवी फळी करायची गरज नाही. त्याच फळीवर वेगळ्या रंगाची शाई वापरा, म्हणजे थोरलं या वयात कुठे होतं आणि धाकटं कुठे आहे, ते शेजारी शेजारी दिसेल.